नव्या चेहऱ्याच्या नावाखाली जुना बंपरही गेला

जुन्या पोर्शे ९११ ला नंतरच्या मॉडेलचा पुढचा बंपर बसवून देण्याच्या व्यवहारात माझी जी फसवणूक झाली, तिची हकिकत सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या पद्धतीने हे केले गेले ती पद्धत कोणत्याही जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकावर सहज वापरता येण्यासारखी आहे.

माझी गाडी ९११ च्या ‘९९६’ या पिढीतली, आणि तीही सुरुवातीच्या वर्षांतली आहे. या गाडीचे हेडलाइट पोर्शेच्याच त्या काळच्या स्वस्त बॉक्स्टर मॉडेलसारखेच होते आणि त्यावरून तिला बरीच नावे ठेवली गेली. मला स्वतःला ते दिवे कधी वाईट वाटले नाहीत, पण पुढचा बंपर दगडांच्या माऱ्याने खराब झाला होता आणि बदलायचाच तर नंतरचा घ्यावा, असा विचार होता. २००२ च्या मॉडेलपासून कंपनीने हेडलाइटचा आकार बदलला आणि त्याबरोबर बंपर व पुढचे मडगार्डही बदलले. नेमकी हीच गोष्ट विक्रेत्याने दडवली. मी त्याला गाडीचे मॉडेल-वर्ष लेखी कळवले होते आणि दिवे व मडगार्ड जुनेच राहणार असल्याचेही स्पष्ट केले होते. त्यावर त्याचे उत्तर होते, ‘साहेब, निर्धास्त राहा. ओरिजिनल माल आहे, सरळ बसतो, फक्त स्क्रू आवळायचे.’ सोबत बंपरच्या आतल्या बाजूचा फोटो होता आणि त्यात ९९६ ने सुरू होणारा पार्ट नंबर स्वच्छ दिसत होता. बसवण्यासाठी त्याने एका गॅरेजचे नाव सुचवले आणि माल परस्पर तिकडेच पाठवला.

मी पोहोचलो तेव्हा माझा जुना बंपर उतरवलेला होता आणि नवा, रंग देऊन, गाडीला टेकवून ठेवलेला होता. कारखान्यातून आलेला बंपर लवचिक प्लॅस्टिकचा असतो. कड दाबली तर किंचित वाकते आणि सोडली की पूर्ववत होते. हा हूं की चूं करेना. टिचकी मारल्यावर पातळ फळीसारखा आवाज आला, आणि आतून हात फिरवला तर बोटांना काचतंतूंचे कुसळ टोचले. पार्ट नंबराचा कुठे पत्ता नव्हता. म्हणजे फोटो एका बंपरचा आणि माल फायबरच्या नकलेचा. त्याहून गंभीर बाब टॉर्च मारल्यावर दिसली. या गाडीचे इंजिन मागे असले तरी रेडिएटर पुढे, दोन्ही चाकांच्या समोर असतात आणि त्यांना हवा बंपरच्या बाजूच्या तोंडांतूनच मिळते. या नकलेत त्या तोंडांवर जाळी सुरेख बसवली होती, पण जाळीच्या मागे सलग फायबरची भिंत होती. असा बंपर लावून गर्दीत गाडी चालवली असती, तर इंजिन तापण्याला आमंत्रणच दिल्यासारखे झाले असते.

खरा डाव मात्र त्यानंतरचा होता. बंपर माझ्या दिव्यांशी आणि मडगार्डांशी जुळत नव्हता, हे गॅरेजवाल्याने स्वतःच सांगितले, आणि लगोलग त्याच विक्रेत्याकडे नव्या आकाराचे मडगार्ड व हेडलाइट ‘योगायोगाने’ शिल्लक असल्याचीही माहिती दिली. ते नको असतील तर जुन्या मडगार्डांच्या कडा कापून, लांबी (पुट्टी) भरून ‘ॲडजस्ट’ करून देण्याची त्याची तयारी होती. पत्रा एकदा कापला की मूळ बंपर कधीच नीट बसणार नाही, हे त्याला ठाऊक नसेल असे मी मानायला तयार नाही. मी सगळे थांबवून माझा जुना बंपर परत मागितला, तेव्हा तो भंगारात गेल्याचे सांगण्यात आले. ओरखडे आणि टवके असले तरी अखंड असलेल्या मूळ बंपरला चांगले गिऱ्हाईक मिळते. सकाळी उतरवलेला बंपर दुपारच्या आत भंगारात जातो, यावर कोणी विश्वास ठेवावा? गाडीचे तोंड उघडे पडलेले आणि परतीचा मार्ग बंद, अशा स्थितीत मालक पुढचे सगळे सामान निमूटपणे विकत घेतो, या हिशोबावरच हा धंदा उभा आहे.

मी काही विकत घेतले नाही. गाडी उचलून नेली आणि ज्या बँकेच्या कार्डाने पैसे भरले होते तिच्याकडे तक्रार केली. विक्रेत्याचा ‘सरळ बसतो’ हा लेखी संदेश, त्याने पाठवलेला फोटो आणि प्रत्यक्ष मालाच्या आतल्या बाजूचे फोटो शेजारी शेजारी जोडल्यामुळे बंपरची रक्कम परत मिळाली. फिटिंगचे पैसे रोख दिले होते, ते गेले. जुन्या बंपरबद्दल तर काहीच सिद्ध करता आले नाही, कारण तो गॅरेजच्या ताब्यात दिल्याची नोंद त्यांच्या पावतीवर नव्हती.

असे काम कोणाला करून घ्यायचेच असेल, तर विक्रेत्याने सुचवलेले गॅरेज टाळावे आणि आतल्या बाजूच्या फोटोत आपण सांगू तो शब्द कागदावर लिहून ठेवायला लावावा. उसना फोटो पाठवणारा तिथेच गळतो. नवा बंपर रंगवण्यापूर्वी, कोराच गाडीला लावून बोनेट, दिवे आणि मडगार्ड यांच्याशी असलेल्या फटी पाहाव्यात, कारण रंग चढल्यावर माल परत घ्यायला कोणी तयार होत नाही. आणि उतरवलेला प्रत्येक भाग, अगदी क्लिपा आणि ब्रॅकेटसुद्धा, पावतीवर लिहून घेऊन त्याच दिवशी घरी न्यावा.