लिपेडिमा: मोजे, मसाज, आहार की शस्त्रक्रिया?

कोकणात बाईचे पाय जाड दिसले की पहिली शंका हत्तीरोगाची, दुसरी ‘खाणं जास्त होतंय’ची. पहिली तपासून घ्यावीच. हत्तीरोगात सूज बहुधा एका पायाला जास्त असते, पाऊलही सुजतं आणि अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत येत नाही. लिपेडिमात, म्हणजे पायांत दुखरी चरबी साठण्याच्या आजारात, दोन्ही पाय सारखेच भरतात, पाऊल मात्र त्यातून वाचतं. चरबी घोट्याशी अशी थांबते, जणू कडं घातलंय. दाबलं की दुखतं, जरा कुठे आपटलं की काळंनिळं होतं. वयात येताना, बाळंतपणात किंवा पाळी जाताना हे सुरू होतं वा वाढतं. यात पाणी साठलेलं नसतं, त्यामुळे लघवीच्या गोळ्या घेऊन काही साधत नाही.

उपाय निवडण्याआधी दुखणं कमी करायचंय की पायांचा आकार, हे ठरवा.

दुखणं आणि जडपणा यांवर दाबाचे मोजे हा पाया. चरबी त्यांनी वितळत नाही. मेडिकलमध्ये मिळतात ते बहुतेक गोल विणीचे, स्वस्त, पण कातडीच्या घडीत रुततात आणि वळ उठवतात. सपाट विणीचे, शिवण असलेले मोजे मापाने करून घ्यावे लागतात. महाग पडतात, पण पाय जास्त भरलेले असतील तर तेच घ्या. खरी परीक्षा आपल्या हवेची. मे महिन्यात घामाने घडीत बुरशी येते आणि पावसाळ्यात मोजा दोन दिवस वाळत नाही. म्हणून दोन जोड हवेत, सावलीत पंख्याखाली वाळवलेले. चुलीवरच्या दांडीवर टाकलात तर ताण गेलाच. लावणीच्या चिखलात ते घालून उतरू नका. मधुमेह असेल तर आधी पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या.

लसिकेचा, म्हणजे अंगातल्या लिम्फ या द्रवाचा निचरा करणारा मसाज म्हणजे तेल रगडून केलेली मालीश नव्हे. त्यात हात अगदी हलका असतो, कातडी जेमतेम सरकते. बरं वाटतं, पण थोडाच वेळ. तालुक्याला शिकलेली फिजिओथेरपिस्ट असेल तर जरूर घ्या. दर आठवड्याला एसटीने रत्नागिरी गाठावी लागणार असेल, तर तेच पैसे मोज्यांत घाला.

आहाराने वजन उतरतं, पाय त्या मानाने कमीच. तरी पिठूळ-गोड कमी केल्यावर दुखणं उतरल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. आपल्याकडे हे त्या मानाने सोपं: बांगडा, तारली, पालेभाजी तशीच ठेवायची, ताटातला भाताचा ढीग तेवढा उतरवायचा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. व्यायामात पोहणं उत्तम, पाण्याचा दाब पायांना मोज्यासारखाच लागतो. विहीर चालेल, पावसाळ्यातला समुद्र नको.

ती चरबी थेट काढणारा उपाय एकच, लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं. दुखणंही बऱ्याच जणींचं कमी होतं. पण एका बैठकीत भागत नाही आणि नंतर काही आठवडे दाबाचे कपडे घालावेच लागतात, म्हणून तारीख थंडीतली घ्या. जर्मनीत 2025 मध्ये ठरावीक अटींवर आजाराच्या सर्व टप्प्यांसाठी ही शस्त्रक्रिया सरकारी आरोग्य विम्यात घेण्याचा निर्णय झाला. आपल्याकडे विमा कंपनी ‘सौंदर्यासाठी’ म्हणून हात वर करू शकते, तेव्हा लेखी विचारा. वजन उतरवण्यासाठी करतात ती पोटाची बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया वेगळी. तिने एकूण वजन उतरतं, पायांचं दुखणं जाईलच असं नाही.

माझं मत विचाराल तर आधी सहा महिने मोजे, आहार आणि पाण्यातला व्यायाम नेटाने करावा. तरीही चालणं अवघड राहिलं तर गोवा, कोल्हापूर किंवा मुंबईच्या सर्जनकडे जावं. लिपेडिमाच्या किती शस्त्रक्रिया केल्यात, किती बैठका लागतील, दर तपासणीला पुन्हा यावं लागेल का आणि एकूण खर्च किती, हे आगाऊ भरण्याआधी विचारा.