गूजनेक झुकला की राइड आत: डबल बेसवरचा क्लिप माइक, आठ महिन्यांनंतर

डबल बेसवरच्या क्लिप माइकचा गूजनेक, म्हणजे माइक धरून ठेवणारी वळणारी नळी, झुकू लागला म्हणून तो सुटा मागितला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर आलं: गूजनेक सुटा मिळत नाही, पूर्ण माउंट घ्या. कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) ठणठणीत, केबल ठणठणीत, आणि वीतभर नळीसाठी अख्ख्या माउंटचे पैसे मोजायचे. हे अजिबात पटलेलं नाही. कारण ब्लीडचा, म्हणजे ड्रमसेटची राइड झांज वगैरे इतर आवाज बेसच्या माइकमध्ये शिरण्याचा, सगळा खेळ या नळीवरच आहे.

माइक सुपरकार्डिओइड, म्हणजे समोरचं जास्त आणि बाजूचं-मागचं कमी ऐकणारा. क्लिप ब्रिज (तारा उचलून धरणारी घोडी) आणि टेलपीस (तारा खाली जिथे अडकवतात ती पट्टी) यांच्या मधल्या तारांवर बसते, कॅप्सूल जी तारेच्या बाजूला, ब्रिजचा पाय आणि एफ-होल (बेसच्या अंगावरचं एफच्या आकाराचं छिद्र) यांच्या मधल्या लाकडाकडे, ८ ते १० सेंमीवर. थेट एफ-होलवर रोखला तर पोकळीचा घुमारा येतो आणि ए तारेवरचे खालचे सूर फुगतात.

बरेच जण माइकची शेपटी ड्रमकडे करतात. कार्डिओइडला ते चालतं, तो बरोबर मागचंच सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिओइड मात्र बरोबर मागून येणारा आवाज जेमतेम १२ डीबीनेच कमी करतो. त्याची खरी बहिरी दिशा समोरून १२६ अंशांवर, म्हणजे शेपटीच्या रेषेपासून ५०-५५ अंश बाजूला असते. राइड तिथे आली पाहिजे. वेज मॉनिटरही (वादकाला ऐकू यावं म्हणून जमिनीवर ठेवलेला स्पीकर) त्याच हिशोबाने तिरका ठेवायचा, सरळ मागे नाही. आता नळी १५ अंश झुकली की कागदावर जिथे शून्य होतं तिथे फक्त १७-१८ डीबीची घट उरते. साउंडचेकला स्वच्छ असलेला ट्रॅक दुसऱ्या सेटला झांजेने भरतो, तो यामुळे. गेन कोणी हलवलेला नसतो.

उपाय स्वस्तातला: २ मिमीची जीआय तार नळीला समांतर ठेवून दोन्हींवर हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारं प्लास्टिकचं आवरण) चढवायचं. तारेची टोकं आत वळवा, नाहीतर खरखर थेट ट्रॅकमध्ये येते. क्लिपखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. एवढं केल्यावर नळी तीन तास जागची हलत नाही. क्लिप टेलपीसकडे सरकवली की काही वाद्यांवर वुल्फ नोटची (घरघरणाऱ्या, अस्थिर सुराची) जागा बदलते, तेही कानाने तपासून घ्या.

फोमबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. कॅप्सूलभोवती जाड फोम गुंडाळणं पहिल्या महिन्यात बरं वाटलं होतं. पण बाजूच्या खाचा बुजल्या की माइकची दिशाच जाते, तो चहूकडून ऐकू लागतो. गॅफर टेप तर त्याहून वाईट. फोम हवा तर पातळ, उघड्या छिद्रांचा, आणि खाचा मोकळ्या ठेवून.

एकट्या माइकवर भागवायचा हट्टही सोडला. छोट्या स्टेजवर ड्रम दीड मीटरवर असतात, तिथे ब्रिजखालचा पिएझो (लाकडाचं कंपन पकडणारा पिकअप) लागतोच. त्याला किमान १ मेगाओहमचा इनपुट द्या, साध्या लाइन इनपुटमध्ये खालचा सूर गळून जातो. मग माइकला १८० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), पिएझोला तिथेच लो-पास (त्यावरचं कापणारा). मोकळी ई ४१ हर्ट्झवर आणि मोकळी जी ९८ वर, म्हणजे मोकळ्या तारांचे मूळ सूर पिएझोकडे आणि बोटांचा, लाकडाचा आवाज माइककडे. माइकवर ५-६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं तर बेसचं फारसं बिघडत नाही, झांज मात्र बरीच उतरते. आधी दोघांपैकी एकाची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटून ऐका. ज्यात खालचा सूर भरीव लागतो ती ठेवा. माइकच्या १० सेंमी अंतराने होणारा उशीर ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगला १४ सॅम्पलांचा, १८० हर्ट्झजवळ त्याचा फरक किरकोळ.

गेट (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की ट्रॅक बंद करणारं साधन) लावू नका. बेसच्या प्रत्येक सुराबरोबर राइड उघडते-मिटते आणि ते सलग ब्लीडपेक्षा जास्त टोचतं.

माइकचा आवाज उत्तम आहे, म्हणूनच नळीचा राग येतो. पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या दमट हवेत हा कंडेन्सर माइक तडतडतो, तेव्हा डबीत सिलिका जेल ठेवा. आणि मध्यंतरात क्लिपवरून कॅप्सूलचा कोन डोळ्यांनी नाही, तर साउंडचेकला बेसच्या तारेवर मारलेल्या मार्करच्या खुणेशी जुळवून पाहा.