आठ महिन्यांनंतर: ओआरएम टूलला कौतुक सापडतं, तक्रार सापडत नाही

ओआरएम (ऑनलाइन रेप्युटेशन मॅनेजमेंट) टूल म्हणजे लोक आपल्या दुकानाबद्दल ऑनलाइन काय लिहितात ते शोधून, चांगलं-वाईट ठरवून दाखवणारं सॉफ्टवेअर. गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुण्यातल्या एका मिठाईवाल्यांच्या (तीन शाखा) इन्स्टावर कमेंट पडली: 'सेवा अप्रतिम. पाऊण तास कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.' टूलने 'अप्रतिम' एवढंच वाचलं, हिरवा ठिपका दिला आणि ऑटो-रिप्लाय ठोकला, 'धन्यवाद, पुन्हा अवश्य या!' मग खाली पुणेकरांनी जे सोलून काढलं ते विचारू नका. ऑटो-रिप्लाय पहिल्या दिवशीच बंद करा. याउलट 'खतरनाक चव' आणि 'नाद खुळा' लाल रंगात. यंत्राला तिरकस बोलणं कळत नाही, हे एक वेळ चालवून घेऊ.

चालवून न घेण्यासारखी गोष्ट म्हणजे विभक्ती. आपल्या पानावरच्या कमेंट टूलच्या इनबॉक्समध्ये येतातच, पैसे मोजायचे ते बाहेरचे उल्लेख शोधायला. तिथे कीवर्ड 'पेढा' दिला की टूल नेमका तेवढाच शब्द शोधतं. लोक कौतुक करताना लिहितात 'पेढा एक नंबर', आणि तक्रार करताना 'पेढ्यात केस', 'पेढ्याला वास'. म्हणजे कौतुक जाळ्यात, तक्रार बाहेर. डॅशबोर्ड हिरवागार, मालक खूश.

सपोर्टचा सल्ला: प्रत्येक रूप वेगळा कीवर्ड म्हणून टाका. प्लॅनमध्ये कीवर्ड वीस. पेढा, पेढे, पेढ्यात, पेढ्याला, पेढ्याचा, पेढ्यांना... एका पदार्थात सहा खलास. जास्तीचे हवे तर विकत घ्या, वर १८ टक्के जीएसटी. मराठी बोलण्याचा दंडच म्हणायचा.

पाचव्या महिन्यात कळलं: टूल वर लिहिलं तितकं टाकाऊ नाही. अ‍ॅडव्हान्स्ड क्वेरीत 'पेढ*' (* म्हणजे पुढे काहीही) चालतं आणि एकच कीवर्ड मोजला जातो. हे कळायला सपोर्टकडे चार तिकिटं (लेखी तक्रारी) टाकावी लागली, ते सोडा. मात्र त्यात सराफाची 'पेढी'ही येते, ती वगळण्याच्या यादीत टाका. 'भाकरवडी*' लिहू नका, 'भाकरवड*' लिहा, नाहीतर 'भाकरवड्या' निसटतात. 'साटोऱ्या' तर आणखी वेगळी डोकेदुखी: हा ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो, स्क्रीनवर सारखाच दिसतो, पण आतला कोड वेगळा. तिथे 'साटो*'वर थांबा. रोमन लिपीतली स्पेलिंगं वेगळी जोडा. एवढं केल्यावर तक्रारी दिसायला लागल्या आणि डॅशबोर्डचा रंग खरा झाला.

अलर्टमध्ये टक्केवारीवर विसंबू नका. '३०० टक्के वाढ' म्हणजे एकाच्या चार कमेंट. किमान दहा उल्लेखांची अट घाला, म्हणजे रात्री फोन वाजत नाही.

इनबॉक्स मात्र खरोखर उत्तम. कोण उत्तर लिहितंय ते दिसतं, एकाच तक्रारीला दोघांची दोन उत्तरं जात नाहीत. एक खोट आहे. गूगलवर ग्राहकाने रिव्ह्यू बदलला तरी आपलं जुनं उत्तर खाली तसंच राहतं, आणि हे टूल बदलाचा अलर्ट देत नाही. आठवड्यातून एकदा हाताने चाळा. फेसबुकवर कमेंट 'हाइड' करून सुटलो असंही समजू नका, लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना ती दिसतच असते. सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुठल्याच टूलच्या आवाक्यात नाहीत.

एकच दुकान असेल तर घेऊ नका. गूगल बिझनेस प्रोफाइलवरून उत्तरं फुकट देता येतात. दोन-तीन शाखा असतील तर घ्या, पण महिन्याच्या बोलीवर. वार्षिक करार आपोआप पुढे सरकतो आणि रद्द करायचा मेल महिनाभर आधी जावा लागतो. ही अट कराराच्या अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.