पॅरालिसिसनंतरच्या गरजा तपासणारं ॲप: काही महिने वापरून

हे ॲप आमच्या फिजिओ सेंटरने त्यांच्या पेशंटांपुरतं दिलंय, त्यामुळे नाव सांगून उपयोग नाही. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात-पाय लुळा, बोलणं तुटक. दर महिन्याला ॲप प्रश्न विचारतं आणि उत्तरं सेंटरला जातात. प्रश्न जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पोस्ट स्ट्रोक चेकलिस्ट’चे आहेत. मुद्दे 11: दुसरा झटका टाळण्यासाठीचा सल्ला-औषधं, अंघोळ-कपडे, चालणं, स्नायूंचा ताठरपणा, दुखणं, लघवी-संडासवरचा ताबा, बोलणं, मन, स्मरण, आवडीची कामं आणि घरच्यांशी नातं.

ओपीडीत बीपी आणि गोळ्यांतच वेळ संपतो. लघवीचा विषय तर अण्णा सुनेसमोर कधीच काढणार नाहीत. ॲपमध्ये प्रश्न वाचून दाखवायची सोय आहे. तो ऐकून त्यांनी डाव्या हाताने ‘होय’ दाबलं. रात्री कुणाला उठवायला नको म्हणून संध्याकाळनंतर ते पाणीच पीत नव्हते! आता पलंगाशी युरिन पॉट असतो. मूठ आवळली जातेय म्हणजे ताकद येतेय, असं शेजारीपाजारी सांगत होते. पण तो ताठरपणा होता. त्या प्रश्नाला ‘होय’ गेल्यावर फिजिओने बोलावून घेतलं, स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार) दिला, ताणायचे व्यायाम शिकवले. मनाच्या प्रश्नाचंही तसंच. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, पण आपल्याकडे ‘चिडचिडे झालेत’ म्हणून सोडून देतात.

खटकतं ते प्रश्नांच्या रचनेत. बहुतेक प्रश्न ‘मागच्या तपासणीपासून त्रास वाढला का?’ असे आहेत. दुखण्याचा तर ‘नवीन दुखणं आहे का?’ असा. अण्णांचा उजवा खांदा पहिल्यापासून दुखतो. नवीन नाही, म्हणून उत्तर ‘नाही’, आणि ‘नाही’ म्हटलं की विषय बंद. डॉक्टरांकडे अधूनमधून जाणाऱ्याला हे चालेल, पण दर महिन्याला भरायच्या यादीत जुनं दुखणं असं गायबच होतं. मी ते फिजिओला फोनवर सांगते.

दुसरं, उत्तर कोण देतंय याची नोंद ॲप ठेवत नाही. नवऱ्याने भरलं की सगळं छान, मी भरलं की अर्ध्या ठिकाणी ‘होय’, अण्णांनी भरलं की तिसरंच. आणि गरज कळली तरी ती भागवणार कोण? ‘स्पीच थेरपिस्टला भेटा’ असं दर वेळी येतं. आमच्या तालुक्यात एकही नाही.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अचानक बिघडलं तर ॲप उघडत बसू नका, 108 लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देतात.

पाचपैकी साडेतीन. जुन्या दुखण्यासाठी वेगळा पर्याय द्या, असं सेंटरला कळवलंय. पुढच्या अपडेटमध्ये बघू म्हणालेत.