९९८ सीसी मिनीचं हेड: आहे तेच करून घ्यावं की मोठं टाकावं?

जुन्या मिनीचं, त्या छोट्या ब्रिटिश गाडीचं, हेड (सिलिंडरवरचं व्हॉल्व्हवालं झाकण) एकदा खाली उतरलं की मालकाच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो: एवीतेवी खोललंच आहे, तर मोठ्या व्हॉल्व्हचं हेडच का टाकू नये? इंजिन १२७५ सीसीचं असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. ९९८ वाल्यांनी मात्र जरा दमानं घ्यावं.

कारण या इंजिनाच्या घडणीतच आहे. मिनीतलं हे ए-सीरिज इंजिन गाडीपेक्षाही जुनं. मिनी आली १९५९ मध्ये, हे इंजिन १९५१ च्या ऑस्टिन ए३० मधलं. चार सिलिंडर, पण हेडला पोर्ट, म्हणजे आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या वाटा, पाचच. एक्झॉस्टचे (धूर बाहेर जायचे) तीन, त्यातला मधला दुसऱ्या-तिसऱ्यात सामाईक. इनटेकचे (हवा-पेट्रोल आत यायचे) फक्त दोन: एक पहिल्या-दुसऱ्याला, एक तिसऱ्या-चौथ्याला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२, म्हणजे दुसरा सिलिंडर ओढून होतोय न होतोय तोच पहिला त्याच पोर्टमधून ओढायला लागतो. मग बराच वेळ तिथे शुकशुकाट. एका नळावर दोन बिऱ्हाडं असल्यावर जे होतं तेच: एकाची घागर काठाला येते तेवढ्यात दुसऱ्याने बादली लावलेली असते. व्हॉल्व्ह मोठा केला तरी नळ एकच राहतो. म्हणून या इंजिनात व्हॉल्व्हच्या मापाइतकंच, किंबहुना कमी आरपीएमवर जास्तच, महत्त्व कॉम्प्रेशनला (मिश्रण किती दाबलं जातं त्याला) आणि पोर्टच्या नीट सफाईला आहे.

पहिला पर्याय आहे तेच हेड दुरुस्त करून घेण्याचा. साध्या ९९८ च्या हेडचा इनटेक व्हॉल्व्ह २७.८ मिमी, एक्झॉस्ट २५.४ मिमी. आधी दोन सीटच्या (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडांच्या) मधल्या पातळ भागात तडा आहे का ते तपासून घ्या. तडा असेल तर पुढचा सगळा खर्च वाया. नसेल तर गाइड (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळ्या), व्हॉल्व्ह, फेसिंग (हेडची खालची बाजू मशीनवर घासून घेणं) आणि एक्झॉस्टला कडक सीट. या सीटवर कंजुषी करू नका. जुनी हेड शिसंवाल्या पेट्रोलसाठी घडवलेली. ब्रिटनमध्ये त्याची सर्रास विक्री १९९९ संपता संपता थांबली. शिसं गेलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू बीडाच्या सीटमध्ये रुतत जातो. ओळखायची खूण सोपी: टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्हचं टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट (थंड इंजिनवर ०.३० मिमी), एरवी झिजून वाढतो, इथे तो पुन्हा पुन्हा कमी झालेला सापडतो.

याच हेडमधून थोडी ताकदही निघते. एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन खालीवर होताना व्यापतो ती जागा) सुमारे २५० सीसी. जुन्या ९९८ चा कॉम्प्रेशन रेशो ८.३, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ३४ सीसी. रेशो ९.५ हवा असेल तर ती २९ वर आणायची. चेंबर (हेडमधली जळणाची खोबण), गॅस्केट, पिस्टनची खळगी सगळं धरून पाच सीसी कमी करायचे, आणि तेवढं फेसिंगमध्ये बसतं. ९९८ ची काही नंतरची इंजिनं कारखान्यातूनच १०.३ ची आहेत, त्यामुळे आधी मोजा आणि मगच मशीनवर चढवा.

दुसरा पर्याय १२जी२९५. हा आकडा हेडवरच ओतलेला असतो, रॉकर कव्हर काढलं की दिसतो. ९९८ कूपर आणि एमजी ११०० यांचं हे हेड. इनटेक ३१ मिमी, पोर्टही सरस, आणि ९९८ च्या ब्लॉकवर काही न कापता बसतं. मग गोम कुठे? चेंबर मोठं आहे, २८ सीसीच्या आसपास. साध्या हेडचं साडेचोवीसच्या. कूपरमध्ये पिस्टनचं डोकं फुगीर होतं म्हणून ते चालून गेलं. तुमच्या पिस्टनवर हे हेड जसंच्या तसं ठेवलंत तर कॉम्प्रेशन उलट उतरेल, आणि मोठा व्हॉल्व्ह घालून गाडी मंद झाली अशी तक्रार कराल. पाचऐवजी जवळपास नऊ सीसी काढावे लागतात. तेवढं फेसिंग त्या हेडने आधीच सोसलेलं नाही ना, हे विकत घेण्यापूर्वी जाडी मोजून बघा.

तिसरा, सगळ्यांच्या तोंडी असलेला, १२जी९४०. हे मूळचं १२७५ चं हेड. इनटेक ३३.३ मिमी, एक्झॉस्ट २९.२, एमजी मेट्रोवर इनटेक ३५.६ पर्यंत गेला. ९९८ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४.६ मिमी, १२७५ चा ७०.६. हा सहा मिलिमीटरचा फरकच आडवा येतो: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना ब्लॉकच्या कडेला आपटतो. ब्लॉकमध्ये खाच पाडावी लागते, तीही पिस्टनच्या वरच्या रिंगच्या हद्दीत न शिरता. त्यात १.५ गुणोत्तराचे रॉकर लावले की लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढते आणि खाच आणखी खोल लागते. शिवाय व्हॉल्व्ह जितके मोठे तितकं दोन सीटच्या मधलं लोखंड कमी, म्हणून वापरलेली ३५.६ वाली हेड तडकलेली निघतात. वरच्या आरपीएमला फायदा होतो, नाकारत नाही. पण रोजच्या रस्त्यावर त्या आरपीएमला गाडी किती वेळ असते?

अ‍ॅल्युमिनियमची पाच पोर्टची हेड हलकी असतात, उष्णता लवकर सोडतात आणि कडक सीटसकट येतात. पैशाचा प्रश्न नसेल तर उत्तम. सात पोर्टची किंवा बीएमडब्ल्यूच्या के मालिकेतल्या मोटरसायकलचं सोळा व्हॉल्व्हचं हेड बसवायचं हा वेगळाच छंद आहे, तो दुरुस्तीत धरू नये.

माझं मत: हेड शाबूत असेल आणि गाडी फिरवायला हवी असेल तर तेच, कडक सीट आणि ९.५ कॉम्प्रेशनसह. तडा असेल किंवा पिकअप खरंच वाढवायचा असेल तर १२जी२९५. ९४० घ्यावं ते १२७५ वाल्यांनी, नाहीतर ज्यांचा पुढेमागे १२७५ इंजिन टाकायचा पक्का बेत आहे त्यांनी. आज ९९८ च्या ब्लॉकला खाचा पाडण्यापेक्षा ते हेड तेल लावून गुंडाळून ठेवलेलं बरं.

यातलं काहीही निवडलंत तरी कार्बोरेटरची नीडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) आणि ठिणगीचं टायमिंग नव्याने लावावं लागेल. मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी) राहिलं तर नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकणं) होऊन वाढवलेलं कॉम्प्रेशनच पिस्टन खाईल. हेडचे नट मधून कडेला, टप्प्याटप्प्याने आवळा. जुन्या स्टडना ४० फूट-पाउंड, नंतरच्या कडक स्टडना ५०. आणि हेड खाली आहे तोवर वॉटर पंप आणि हेडमधला तो वीतभरही नसलेला बायपास होज नक्की बदला. तो बोटभर फटीत बसलेला असतो, आणि हेड जागेवर असताना बदलायची वेळ आली तर बोटांची सालटी निघतात.