लाल मॅनिफोल्डला भुललो

ऑकलंडला आल्यापासून एकच हौस केली. जपानहून आलेली जुनी सुबारू इम्प्रेझा घेतली, २००३ ची, निळी. एसटीआय, म्हणजे याच गाडीचं जास्त ताकदीचं, महागडं रूप म्हणून घेतली, निघाली साधी डब्ल्यूआरएक्स. या दोन नावांपायी मी नऊ हजार डॉलर जास्त मोजले.

गंडवणं सोपं का जातं, तर दोन्हींत दोन लिटरचंच टर्बो बॉक्सर इंजिन आणि ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मूळ सांगाड्यावर, ‘ईजे२०’ हीच अक्षरं. जपानी डब्ल्यूआरएक्समध्ये असतं ईजे२०५, २५० पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). एसटीआयमध्ये ईजे२०७, कागदोपत्री २८० पीएस. कागदोपत्री अशासाठी, की तेव्हा जपानी कंपन्यांनी २८० च्या वर आकडा सांगायचाच नाही असं आपसांत ठरवून टाकलं होतं. खरी मेख ब्लॉकमध्ये आहे. २०५ ओपन डेक, म्हणजे सिलेंडरभोवतीची पाण्याची जागा वरून उघडी. २०७ मध्ये सिलेंडरला वरच्या अंगाला जागोजागी आधार दिलेला. मला बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवायचा होता आणि असा आधार दिलेला ब्लॉक तो जास्त सोसतो, म्हणून २०७ चाच हट्ट.

विकणाऱ्या माणसाने बॉनेट उघडलं आणि लाल मॅनिफोल्ड दिसला, म्हणजे सिलेंडरांना हवा वाटणारा वरचा भाग. लाल असला की एसटीआयची खूण. झालं, विकेट पडली. मागे मोठा पंख, सोनेरी रिम, ब्रेम्बोचे ब्रेक. गिअर मात्र पाचच! या पिढीच्या एसटीआयला सहा असतात. विचारलं तर म्हणाला, सहाचा गिअरबॉक्स गेला, हाताशी होता तो पाचचा बसवला. तिथूनच उठून यायला हवं होतं. मी उलट त्याला प्रामाणिक समजलो.

तपासलं नाही असंही नाही. जपानी गाडी न्यूझीलंडमध्ये आली की तिला ‘७ए’ने सुरू होणारा सतरा आकडी नंबर मिळतो. तो टाकून पाहिला, गाडीवर कर्ज नाही, चोरीची नाही. पण जपानचा मूळ फ्रेम नंबर इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेला असतो. एसटीआयचा ‘जीडीबी’ने सुरू होतो, डब्ल्यूआरएक्सचा ‘जीडीए’ने. तो वाचायला डोकं आत घालावं लागतं. मी घातलं नाही.

ट्यूनिंगला नेली तेव्हा मेकॅनिकने आत टॉर्च मारला आणि मलाच बोलावून वाचायला लावलं. जीडीए. मग त्याने मॅनिफोल्डवर नख ओढलं, तर लाल रंगाचा पापुद्राच हातात आला. ब्रेम्बो तेवढे खरे होते, कुठल्या तरी ठोकलेल्या गाडीचे.

सौदा खासगी, त्यामुळे डीलरविरुद्धच्या तक्रारींचं ट्रायब्युनल माझ्या कामाचं नव्हतं. साध्या डिस्प्यूट्स ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे छोटे दावे चालतात तिथे, जायची तयारी केली. त्याने फोनवर खूप थापा मारल्या होत्या, त्या हवेत गेल्या. पण एका मेसेजमध्ये ‘इंजिन ईजे२०७’ असं स्वतःच लिहून बसला होता. तेवढा एक मेसेज दाखवल्यावर पाच हजार परत आले.

घरी आता त्या मॅनिफोल्डला ‘चार हजारांचा रंग’ म्हणतात. गाडी ठेवलीय. बूस्ट कंपनीचाच.