जुन्या पिकअपला स्टिरिओ बसवताना 16,050 रुपयांना फसलो

16,050 रुपये गेले. 5,000 यूपीआयने आगाऊ दिले, 11,050 रोख. गाडी 2008ची बोलेरो पिकअप, जुना सेट बंद पडलेला, तो काढून नवा बसवायचा एवढंच काम. नारायणगावहून टोमॅटो भरायचा, रात्रीत माळशेज उतरायचा आणि पहाटे वाशीला गाडी लावायची, तर केबिनमध्ये काहीतरी वाजतं लागतं. चैनीपायी पैसे घातले नाहीत, हे आधीच सांगतो.

दुकानदाराने हिशेब लावला तो असा: सेट 8,500, दाराच्या सहा इंची स्पीकरची जोडी 2,800, सीटमागच्या सिक्स बाय नाईनची (सहा बाय नऊ इंची लांबट स्पीकर) जोडी 3,200, वायर 900, फ्रेम 450, मजुरी 1,200. बेरीज 17,050, त्यातून जुन्या सेटचे 1,000 वजा. "पक्क्या बिलावर जीएसटी पडेल दादा, कच्च्यावर घ्या." मी हो म्हटलं. बाजारात निम्मे लोक तसंच घेतात. पुढे मात्र प्रत्येक दारात याच कागदापाशी गाडं अडलं.

नव्या खोक्यात जुना माल घालून विकतात, हे कोणाला ठाऊक नाही? मलाही ठाऊक होतं. म्हणून तर सेट हातात घेऊन बघितला. काच चकचकीत, वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. मागच्या वायरींचा झुपका सरळ केला आणि पिवळी वायर बोटाला चिकटली. काळ्या टेपचा डिंक होता. टोकाची तांब्याची तार पीळ घालून सोडवल्यासारखी वाकडी. कारखान्यातून आलेल्या वायरीला टेपचा डिंक येईल कुठून? मी विचारलं. "टेस्टिंगला लावला होता." एवढ्या उत्तरावर मी गप्प बसलो. तिथेच सेट काउंटरवर ठेवून निघायला हवं होतं. आजही ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. पण आगाऊ पैसे दिलेले, गाडीचा डॅश उघडलेला, आणि रात्री माल भरायचा होता.

सेट कसला निघाला, ते नंतर ओळखीच्या वायरमनने उघडून दाखवलं. खोक्यावर "4 गुणिले 50 वॅट" छापलंय. मागचा फ्यूज 10 अँपिअरचा. गाडी चालू असताना 14 व्होल्ट धरले तरी 10 गुणिले 14 म्हणजे सगळे मिळून 140 वॅट, तेही फ्यूज उडायच्या काठावर. मग सलग 200 वॅट निघणार कुठून? चांगल्या कंपनीचा सेटसुद्धा एका चॅनलला सलग 20-22 वॅटच देतो, 50 हा क्षणभराचा आकडा असतो. पण चांगल्या सेटच्या पाठीला अ‍ॅल्युमिनियमचा जाड हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा ठोकळा असतो. याच्या पाठीला पातळ पत्रा होता.

सिक्स बाय नाईनच्या चुंबकावर काळं रबरी टोपण होतं. ते ओढून काढलं तर आत बिस्किटाएवढं चुंबक. स्पीकर घेताना टोपण काढायला लावा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. वायर "शुद्ध तांब्याची" म्हणून 900 रुपये लावले होते. ब्लेडने खरवडली की आत पांढरी, म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते जॉइंटला तुटतं आणि पावसाळ्यात काळं पडतं.

बसवण्यात तर त्याहून वाईट केलं. पिवळी वायर बॅटरीतून कायम चालू हवी, लाल वायर चावी फिरवल्यावर, काळी बॉडीला. दुकानदाराने गाडीचा मूळ कप्लर, म्हणजे वायरी जोडायचा सॉकेट, कटरने कापून टाकला आणि पिवळी-लाल एकत्र पिळून कायम चालू लाइनला दिली. बटणाने बंद केला तरी सेट 350 मिलिअँपिअर खात होता. पाच दिवस गाडी उभी राहिली की 42 अँपिअर-तास गेले, सकाळी सेल्फ फक्त टक-टक करतो. दोनदा बॅटरी चार्ज करून घेतली, 150 प्रमाणे 300 रुपये. बंद गाडी किती करंट खाते ते बघायला बॅटरीची निगेटिव्ह काढून मधे मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर लावा, चावी काढलेली हवी, सेल्फ मारायचा नाही. सगळ्या गाडीचा मिळून करंट 50 मिलिअँपिअरच्या आत असावा.

मागच्या स्पीकरांची वायर वाचवायला दोन्हींची निगेटिव्ह सरळ बॉडीला ठोकली होती. आजच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज असतो. त्यातली एक बॉडीला लागली की सेटमधला आवाज वाढवणारा आयसी (चिप) तापतो आणि जातो. अकराव्या दिवशी मागचे दोन्ही चॅनल गेले. दाराच्या स्पीकरांत एकाची प्लस-मायनस वायर उलटसुलट झालेली, म्हणून बास गायब. हे तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो: स्पीकरच्या प्लसला सेलचा प्लस क्षणभर टेकवला की कोन बाहेर यायला हवा. रेस वाढवली की स्पीकरमधून शिट्टी वाढायची, तो दोष काळ्या वायरीचा. रंग लावलेल्या बोल्टवर नुसतीच गुंडाळली होती. रंग खरवडून, टोकाला लग (धातूची कडी) लावून आवळावी लागते.

दुकानात परत गेलो तर "तुमच्या गाडीचंच वायरिंग जुनं" म्हणून हात झटकले. जुनं आहे, पण कापलं कोणी?

मग पोलिस चौकी. तासभर बाकड्यावर बसवून सांगितलं, हा दिवाणी मामला. मी म्हटलं, जुना माल नवा म्हणून विकला, ही फसवणूकच ना? पूर्वीचं 420, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम 318. "बिल आणा." तिथून तक्रारीच्या हेल्पलाइनवर. तिथेही बिल. कच्च्या कागदाचा फोटो पाठवला, त्यावर दुकानाचं नाव नाही म्हणे. सव्वीस दिवसांनी मेसेज: दुकानदाराकडून प्रतिसाद नाही, तक्रार बंद. ज्याने फसवलं तो गप्प बसला म्हणून तक्रार बंद! मग तक्रार नोंदवून घेता तरी कशाला? आगाऊ पैशांसाठी बँकेत गेलो, तर तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत, आम्ही काय करणार. माल भरायचा सोडून चार चकरा झाल्या, डिझेल माझं, खाडेही माझे. पक्कं बिल न देणं ही दुकानदाराची चूक, आणि जाब विचारतात मला.

वायरमनने सगळं उपटून नवीन वायरिंग केलं, त्याचे 2,600 वेगळे.

बिल घ्याच, त्यावर सेटचा सिरियल नंबर लिहून घ्या. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर हात लावू नका. कप्लर कापू देऊ नका, जोडायला तयार सॉकेट मिळतं. पिवळ्या वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरात वेगळा फ्यूज हवाच. अँड्रॉइड सेट घेणाऱ्यांनी सेटिंगमध्ये दिसणाऱ्या अँड्रॉइड आवृत्तीच्या आकड्यावर जाऊ नये. सीपीयू-झेड हे अ‍ॅप टाकून त्यात एपीआयचा (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक) आकडा बघा: अँड्रॉइड 13 असेल तर 33 येतो, 27 आला तर तो 8.1 आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षं. माझा अर्ज तयार आहे. खोक्यावरचा नंबर आणि सेटच्या पत्र्यावरचा नंबर वेगळे निघाले, दोन्हींचे फोटो लावले आहेत, सोबत 5,000च्या यूपीआयची नोंद. सेट वायरींसकट पुन्हा त्याच खोक्यात भरून ठेवलाय. पिवळ्या वायरीचा डिंक अजून बोटाला लागतो.